पानभर वर्तुळं

सासूबाईंनी चित्रकलेच्या क्लासचा पहिला गृहपाठ सुनेपुढे ठेवला. पानभर वर्तुळं, सगळी नुसत्या हाताने काढलेली. "कशी आलीत ते स्पष्ट सांग. मला राग येत नाही."

सुनेने चष्मा पुसून सावकाश पान पाहिलं. "आई, ही श्रीलंका झालीये. आणि हे बहुतेक आफ्रिका."

सासूबाईंनी पान आपल्याकडे ओढून घेतलं. "तुझ्या पोळ्यांना मीही नकाशेच म्हणायचे. तसं बोलले म्हणूनच तुझा हात बसला. आता एवढ्या गोल कशा करतेस, ते मला शिकव."

सून स्वयंपाकघरातून स्टीलच्या डब्याचं झाकण घेऊन आली आणि तिने ते कागदावर ठेवलं. "ह्याच्या कडेने पेन्सिल फिरवा."

झाकणाच्या कडेला सकाळची कणीक अजून चिकटलेली होती.