पोटावरची हद्द

"हंय लागता?"

"नाय."

"हंय?"

"नाय."

सगुणने चमचा खाली ठेवला आणि कपड्यांचा चिमटा उचलला. कमलाक्षी पलंगावर डोळे मिटून पडली होती. तिच्या पोटावर, टाक्यांच्या व्रणाभोवती, निळ्या बॉलपेनने एक वेडीवाकडी हद्द आखलेली होती. हद्दीबाहेर चमचा गार लागायचा. हद्दीच्या आत काहीच लागायचं नाही.

संक्रांतीनंतर तिचं गर्भाशय काढलं, तेव्हापासून हे असं. आत खोल दुखायचं, उठता-बसता ओढ बसायची. वरची कातडी मात्र रजेवर गेलेली. "नसांना वेळ लागतो, हळूहळू येईल. काहींना थोडं कमीच राहतं," असं डॉक्टरीण म्हणाली होती. म्हापशाहून पेडण्याला येताना कमलाक्षीने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं बरोबर आणलं.

तिचा नवरा सगुण वीज खात्यात लाइनमन. पुरवठा कुठून तुटलाय ते शोधणं त्याच्या हाडात मुरलेलं. म्हणून ही हद्द, आणि म्हणून दर रविवारी तपासणी.

"हा तुकडा माझा नाय," कमलाक्षी म्हणायची. "शिवताना दुसऱ्या कुणाचा तरी लावलाय."

"मग ती बाई परत मागायला आली असती."

गंमत इथवर ठीक होती. पण एकदा ती ओट्याच्या कडेवरच्या तापल्या तव्याला पोट टेकवून भाकऱ्या थापत राहिली, आणि मॅक्सी करपल्याचा वास आल्यावर खिडकीतून शेजाऱ्यांना विचारलं, काय जळतंय म्हणून. त्या दिवशी तिच्या सासूने, चंद्रावतीने, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आपलं पोट आपल्याला कळेपर्यंत सुनेने चुलीकडे फिरकायचं नाही. तेव्हापासून घरात माशांच्या पाणचट आमटीत मासे पोहत होते.

"लागलं," कमलाक्षी अचानक म्हणाली. "चिमटा ना?"

तिने डोळे उघडले. चिमटा हवेत होता.

"मी लावलाच नाय अजून," तो म्हणाला. "खोटं कशाला बोललंस?"

"तुमचं तोंड बघवत नाय. दर रविवारी मयताला आल्यासारखं."

"डोळे तर मिटलेले तुझे."

"तरी दिसतं."

तपासणी बंद पडली. पेनाची रेघ आंघोळीत पुसट होत गेली. कमलाक्षी पडवीत बसून काजू सोलायची आणि पोटाकडे बघायची नाही.

एका संध्याकाळी सगुण काजूच्या बागेतून आला तो बोंडांची पाटी खाली टाकून थेट आत. अंगाला बोंडांचा आंबूस वास, केसांत पालापाचोळा.

"पड," तो म्हणाला. "निदान रेघ तरी नवी करूया."

ती पडली. डोळे मिटले. तो वाकून खिशात पेन शोधू लागला.

"लागलं."

सगुणने उसासा टाकला. "कमल, मी अजून पेन काढलं नाय."

"नाय ओ, खरंच. चावलं. आग होतेय."

"मागच्या वेळीपण असंच."

"देवीशप्पथ."

त्याने चष्मा लावला. पुसट रेघेच्या बरोबर मधे एक तांबडा हुमला, काजूवर असतो तो मुंगळा, डोकं खुपसून आणि ढुंगण वर करून मन लावून काम करत होता. सगुणच्या कॉलरमधून उतरला असणार.

आवाज ऐकून चंद्रावती आमटीचा डाव हातात घेऊनच आली. "मेलो हुमलो! बघतंस काय रे, मार त्याका."

सगुणने हात उचलला. कमलाक्षीने त्याचं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मारू नकात," ती म्हणाली. "अजून जरा चावू दे."