हरभऱ्याएवढं पितळ

सून तिसऱ्यांदा अंगण झाडत होती. झाडलेला केर ती पिठाच्या चाळणीतून चाळत होती आणि सासूबाई दारात बसून बघत होत्या.

"चाळणी माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "उद्या तिच्यातून पीठ चाळायचं की ग्रीस?"

"नवी आणून देईन, आई."

ती जे शोधत होती, ते सासूबाईंच्या उशीच्या अभ्र्यात होतं. हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. त्याला जेट म्हणतात हे सासूबाईंना गुरुवारीच कळलं होतं. त्यातून पेट्रोल इंजिनात जातं आणि तो नसला की मोटारसायकल नुसती उभी राहते, हेही तेव्हाच कळलं. सुनेनंच मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. गाडी इतकी जुनी, की तिला बसेल असा जेट शोधायला भंगारवाल्याला दीड महिना लागला होता. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग सून आंघोळीला गेल्यावर जेट उचलला.

गाडी मुलाची. चार वर्षांपूर्वी तो तापानं गेला, तेव्हापासून ती घरामागे ताडपत्रीखाली गंजत पडली होती. सुनेनं जन्मात सायकलचं पंक्चरसुद्धा काढलं नव्हतं. पण गिरणी बंद पडली, हातचं काम गेलं आणि ही बया पाना घेऊन गाडीपुढे बसली. पैसे जमतील तसा एकेक जुना भाग आणायची. इंजिन उघडताना तिनं मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढलं आणि निघेल तो नट चित्रात त्या त्या जागी भोक पाडून खोचला.

कोपऱ्यावरचा मिस्त्री पोट धरून हसला होता. "वहिनी, स्वेटरचा नमुना उतरवताय का?"

तीन आठवड्यांनी तोच मिस्त्री इंजिन जुळलेलं बघून गेला आणि जाताना एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी सासूबाईंची मान उगाचच ताठ झाली. तोंडानं मात्र त्या म्हणाल्या, "हात धू आधी. दाराच्या कडीलासुद्धा तेल लागलंय."

मग शेजारीण काडी टाकून गेली. "सांभाळा हो. सून गाडी जुळवतेय म्हणजे उडायच्या तयारीत दिसते."

"तुमची तर गाडीवाचूनच दोनदा उडाली," सासूबाईंनी तिथल्या तिथे परतवलं. पण शेजारणीचं बोलणं रुतायचं तिथे रुतलं.

त्याच आठवड्यात सून म्हणाली, "आई, लांबच्या कारखान्यात काम मिळालंय. सोमवारपासून."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. कुठे, किती लांब, आणि मग माझं काय, हे तिन्ही प्रश्न जिभेवर येऊन बसले होते. त्यांनी ते गिळले. सुनेला असलं विचारायचं म्हणजे तिच्यापुढे हात पसरायचा. त्यापेक्षा गाडीच झाली नाही तर ती जाणार कशी? जेट आत सरकवून त्यांनी उशीच्या अभ्र्याला दोन घट्ट टाके घातले होते.

आज रविवार. ऊन उतरलं तशी सुनेनं चाळणी खाली ठेवली. फोन घेऊन ती घरामागे गेली. सासूबाईंनी कान लावला, तर शेवटचं तेवढं ऐकू आलं. "हो. हो, नक्की. आत्ताच पाठवते."

परत येऊन ती गाडीशेजारी भुईवरच बसली. पुठ्ठ्यावर बसवलेल्या प्रत्येक भागापुढे तिनं लाल पेन्सिलीनं खूण केली होती. एकच गोल कोरा होता. त्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, "तुमचंच खरं होतं, आई. माझ्या हाताला काही टिकत नाही. माणूससुद्धा नाही टिकलं."

ते बोलणं सासूबाईंचंच होतं. मुलगा गेला त्या दिवशी, चार बायकांच्या देखत, दुःखाच्या भरात त्या बोलून गेल्या होत्या. नंतर त्या विसरल्याही. हिनं मात्र शब्द न् शब्द जपून ठेवला होता.

त्या उठल्या. आत गेल्या. टाके उसवायला कात्री सापडेना, तेव्हा अभ्रा दातांनी फाडला.

"हा घे," बाहेर येऊन त्या म्हणाल्या. "तू तो हरवला नाहीस. मी घेतला होता."

सून तळहातावरच्या त्या तुकड्याकडे बघत राहिली. "का?"

या वेळी सासूबाईंनी शब्द गिळले नाहीत. "तू मला टाकून जाशील म्हणून."

सून म्हणाली, "आत्ता फोनवर कारखान्याजवळच्या एका खोलीला हो म्हटलं. पेट्रोलसाठी ठेवलेले पैसेही घरमालकाला पाठवले. आता परत मिळायचे नाहीत."

"म्हणजे जायचंच होतं तुला!" सासूबाई उसळल्या. "मग दोन महिने ही गाडी कशाला जुळवत बसलीस?"

सुनेनं जेट उचलला. सवयीनं त्याच्या भोकात फुंकर घातली.

"पाळी रात्री दहाला सुटते आणि तिकडून शेवटची बस सातलाच जाते," ती म्हणाली. "रोज घरी यायचं होतं, आई."