तुलनेचा तक्ता

बाबा नावाडी होते. त्यांच्या होडीवर मी छोटा मूक ॲनिमेशनपट केला; माझ्या संगणकाला न झेपणारं रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रं तयार करून घेणं, तेवढं उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाबांची नजर वर्षभर टिकेल. म्हणजे वेळ भरपूर होता. एक दांडगं वर्कस्टेशन घ्यावं, की रेंडरिंगपुरते चार साधे संगणक, एवढंच ठरवायचं होतं. मी तुलनेचा तक्ता केला. त्याला रकाने फुटत गेले. "घेतलंस का रे?" बाबा विचारायचे. "थांबा, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय." "बरं. माझ्या डोळ्यांचं येतंय का, तेही बघ." चौदाव्या महिन्यात चार संगणक आणले. दोन दिवसांत काम झालं. बाबा स्वतःच खुर्ची ओढून बसले. मी सिनेमा लावला. "पाणी अगदी तसंच हलतंय," ते म्हणाले. त्यांचं तोंड घरघरणाऱ्या संगणकांकडे होतं. मी त्यांची खुर्ची हळूच पडद्याकडे वळवली.