दरवेळी नवं

“परत तेच इटालियन पुराण? बाई गं!” मागच्या खुर्चीतून कुणीतरी पुटपुटलं.

रिसबूड सर मात्र रंगात आले होते. ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक. त्याला ‘एत्तो’चं शेपूट लावलं की चिमुकली पुस्तिका, ‘ओने’चं लावलं की उशाला घ्यावा असा ठोकळा! आमच्या भाषाप्रेमी मंडळात हे व्याख्यान सलग तिसऱ्या महिन्यात चाललं होतं. आम्ही त्याच जागी हसलो, टाळ्याही वाजवल्या. “सर, दरवेळी काहीतरी नवं देता!” म्हणत सचिवांनी त्यांना शालसुद्धा पांघरवली.

सर लाजले. “पुढच्या महिन्यात कशावर बोलू?”

सगळे सतरंजीकडे बघू लागले.

सरांच्या पत्नी इंदुमतीबाई उठल्या आणि त्यांनी सरांचा हात धरला. “अहो, तिन्ही वेळा हेच बोललात. तुमच्या लक्षात राहत नाही हल्ली. चला, डॉक्टरांना दाखवू.”