पाखरांची ज्वारी

"ही जवारी अंगणभर फेकजो," खुशालराव म्हणाले आणि त्यांनी टोपलं जयवंतापुढे सरकवलं. "सोमलाच्या जहरी पाण्यात भिजवून वाळवली हाये. मंग हात धुजो चांगले."

जयवंता माळीण होती. खुशालरावांच्या घरामागचं अंगण वीस वर्षं तिच्याच हाताखाली होतं. बोर, शेवगा, डाळिंब आणि भोवती मेंदीचं दाट कुंपण. सगळं इथलंच, तिनं बी टोकून वाढवलेलं. झाडाखालचा पाला ती कधी झाडून काढत नसे, कारण त्यातले किडे टिपायला पाखरं येत.

यंदा त्या अंगणात कापूस पसरला होता. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला आणि अंजनगावाकडचा सारा मुलूख कापसाखाली गेला. ज्वारी कोणी पेरलीच नाही. माळ्यांच्या वस्तीत लोक, जयवंताची सूनही, रानातल्या तरोट्याचा पाला उकडून खात होते. आणि इकडे शेवग्यावरची पाखरं कापसावर घाण करत, चोचीनं पुंजके ओढून नेत. व्यापाऱ्यानं नाक मुरडलं, तेव्हा खुशालरावांचं डोकं फिरलं.

"पाखरं मेली तं अळ्या कोण वेचीन, मालक?"

"मी गाड्या घेऊन अमरावतीले चाललो. चार दिसांनी आलो आन एक पाखरू दिसलं, तं सारी झाडं तोडीन."

गाड्या गेल्या. टोपलं घेऊन जयवंता बराच वेळ उभी राहिली. बोरीवर बुलबुलांची जोडी बोलत होती. तिचा हात उठेना. विहिरीत टाकावी तर माणसं पाणी पीत, ओढ्यावर ढोरं. शेवटी तिनं डाळिंबाखाली खड्डा खणला, ज्वारी आत ओतली आणि वर पाला सारला. कोणाला काही बोलली नाही. बोललं तर मालकाच्या कानावर जाईल.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच कामावर आली. पुढचं आवार झाडलं, पाणी भरलं. उन्हं वर आल्यावर मागं गेली, तर डाळिंबाखालचा खड्डा रिकामा होता.

तेवढ्यात वस्तीकडून जात्याची घरघर आली. महिनाभरात त्या वस्तीत जातं फिरलं नव्हतं.

जयवंता धावत सुटली. कौशल्येच्या दारात जातं चालू होतं. तिला पाहून कौशल्या ओशाळली.

"काल कुंपणाआडून पायलं तुले लपवताना, रातीच काढून आणली. भिऊ नोको, मालकाले सांगत नाही. एकटीले नाही ठेवली मी, तीन घरी वाटली."

जयवंतानं पिठावर लाथ मारली. "जहर हाये त्यात. पाखरांले माराले देलं होतं."

दोघी घराघरांतून पळाल्या. देवीदासच्या घरी दाणे अजून सुपातच होते. शेजारच्या घरी पीठ परातीत मळलेलं होतं. तिसऱ्या दारी, म्हाताऱ्या पार्वताबाईकडे, पहिली भाकर तव्यावर होती. जयवंतानं ती उघड्या हातानं ओढून चुलीत टाकली. कोणाच्या तोंडात घास गेला नव्हता. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. भाजलेली बोटं तिला आता कुठं जाणवायला लागली.

पार्वताबाईनं तिचा हात धरला.

"पहाटे तू कामाले गेली, आन मी माह्या वाट्यातली ओंजळभर तुह्या सुनेले देऊन आली," ती म्हणाली. "दोन जिवांची पोर. पाल्यावर कशी निभावीन?"

जयवंता घराकडे कशी पोचली ते तिला कळलं नाही. चुलीतला धूर विरत आला होता. शकुन उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता. पोटावरून हात फिरवत ती सासूकडे पाहून हसली.

"आत्याबाई, आज पोटभर जेवली मी."