डावं पायडल

या घरात सायकल या विषयावर शेवटचा शब्द झालेला आहे, असं मुलाने दाराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. आणि मग पाना कुठे असतो, ते वडिलांनाच विचारलं.

सकाळपासून वडील मुलाशी बोलत नव्हते. त्यांनी सुनेला सांगितलं, की पाना विचारणाऱ्याला सांग, जिन्याखालच्या डब्यात आहे. सून दोघांच्या मधे हातभर अंतरावर उभी होती, तरी तिने निरोप पोचवला.

मागच्या आठवड्यात वडील सायकलवरून पडले. कोपर सोललं, चष्मा फुटला. मुलाने सायकलला कुलूप घातलं, तर दुसरी किल्ली वडिलांच्या खिशात निघाली. आज सकाळी ते बांधल्या कोपराने सायकल फाटकाबाहेर काढताना सापडले. तेव्हा पायडलंच काढून कपाटात ठेवायची, असा निकाल लागला. आपले गुडघे चालताना कुरकुर करतात आणि सायकलवर गप्प बसतात, हे वडिलांचं म्हणणं कुणी विचारात घेतलं नाही. पायडलं गेली की त्यांचं जग फाटकाशी संपणार होतं.

उजवं पायडल मुकाट्याने निघालं. मुलाने ते पायरीवर ठेवलं आणि तो पलीकडे गेला. डावं तर त्याहून गरीब. पाना लावायचा अवकाश, फिरायलाच लागलं. एवढ्याशा कामासाठी लोक दुकानात कशाला जातात कोण जाणे, असं तो बायकोला म्हणाला. आणि ते अडकलं.

त्याने तेल सोडलं. पान्यावर पाय देऊन पाहिला. हातोड्याने ठोकून पाहिलं. गंज, सायकलचा कारखाना आणि स्वतःचं नशीब यांचा एका दमात उद्धार केला. एक निघालं तेवढं पुरे की, एका पायाने कोण चालवणार आहे, असं बायको म्हणाली. पण प्रश्न आता सायकलचा उरला नव्हता. त्याने पान्यावर लोखंडी नळी चढवली आणि सगळं अंग टाकलं. पाना निसटला. बोटांची सालं सायकलकडेच राहिली.

वडील खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

"हसताय काय?" मुलगा म्हणाला. ते हसत नव्हते. "भर रस्त्यात पडलात, आणि मला फोन येतो कुठल्या तरी औषधवाल्याचा. तो म्हणतो, शुद्धीवर आहेत. आहेत म्हणे! तुम्हाला स्वतःला एक फोन करता आला नाही?"

"केला असता, तर 'बघू' म्हणाला असतास."

हे मात्र त्यांनी सुनेमार्फत पाठवलं नाही.

"डावं पायडल ढिलं झालंय, जरा आवळून दे, म्हणून कधीपासून तुझ्या मागे लागलोय," ते म्हणाले. "माझ्या मनगटात जोर असता, तर तुझी मनधरणी कशाला केली असती? सकाळी बघू, रविवारी बघू. त्या दिवशी ते पायाखाली डगमगलं आणि मी गेलो खाली. दाखव हिला, कसं ढिलं आहे ते."

मुलाने पायडल धरून हलवलं. मग दोन्ही हातांनी हलवलं. ते दांड्यातच उगवल्यासारखं उभं होतं.

"मग ते निघत का नाहीये?" सुनेने विचारलं.

"डाव्या पायडलचे आटे उलटे असतात," वडील म्हणाले. "हा मघापासून काढत नाहीये. आवळतोय."

सून पट्टी आणायला आत गेली, आणि पट्टी समोरच्या खणात असूनही तिला ती बराच वेळ सापडली नाही.

मुलगा तसाच उकिडवा बसून होता. चेहऱ्यावर राग अजून शिल्लक होता, पण त्याला जायला कुठे जागा नव्हती. रक्त त्याने विजारीला पुसलं. मग हात लांब करून पायरीवरचं उजवं पायडल उचललं.

"जरा हँडल धरा, बाबा," तो वर न बघता म्हणाला. "आणि हे कुणीकडे फिरवायचं, तेवढं सांगा."