जुनीच डिस्क

"सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवलंय, काका. आता बघा कॉम्प्युटर कसा पळतो!" दुकानातल्या मुलीने जुनी हार्ड डिस्क त्यांच्या हातात ठेवली.

सकाळी सवयीने कॉम्प्युटर लावून ते चहा टाकायला गेले. इतकी वर्षं तो खरखरत सुरू होईस्तोवर चहा उकळायचा, आणि तेवढ्यात ओट्यापाशी दोघा नवरा-बायकोच्या गप्पा व्हायच्या. बायको गेल्यावरही त्यांनी हे मोडलं नव्हतं. डिस्कची खरखर सुरू झाली की ते एकटेच तिला कालची हकिकत सांगायचे.

आज गॅस पेटायच्या आतच स्क्रीन उजळली. घर चिडीचूप. त्यांना तोंड उघडवेना.

जुनी डिस्क घेऊन ते तडक दुकानात गेले. "हीच परत बसव गं."

"का काका? काही उतरवायचं राहिलं?"

"नाही गं. आज तुझ्या काकूशी बोलायचं राहिलं."